हलकी फ्रेम आणि रुंद टायर

सायकल विकत घेणे ही एके काळी फारशी विचाराची गोष्ट नव्हती. दुकानात जावे, बावीस इंची हवी की चोवीस इंची एवढे सांगावे, घंटा, स्टँड आणि कॅरिअर बसवून घ्यावे, आणि घरी यावे. ती सायकल वडील चालवीत आणि पुढे मुलगा चालवी. आज ते चित्र पुष्कळच पालटले आहे. पुण्यामुंबईत, नाशिक-नागपुरात, तसेच इंदूर, बडोदे, बेळगाव, बंगळूर, दिल्ली अशा ज्या ज्या शहरी मराठी माणूस वस्तीला आहे, तेथे पहाटे वेगाच्या सायकलीवरून पन्नास-साठ किलोमीटरांची फेरी करून मग कामावर जाणारी मंडळी दिसू लागली आहेत. त्यांत डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, कारखान्यांतील तंत्रज्ञ आहेत, आणि मुले मोठी झाल्यावर प्रथमच अशा सायकलीवर बसलेल्या गृहिणीही आहेत. यांपैकी पुष्कळांच्या मनात केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहतो. कार्बनची हलकी सायकल घ्यावी असे वाटते. पण आपले रस्ते असे! मग कोणती फ्रेम निवडावी? आजच्या भाषणात या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रश्न लहान दिसतो, पण त्याचे उत्तर चुकले तर ते महागात पडते. कार्बनच्या चांगल्या सायकलीची किंमत लाखांच्या घरात जाते, आणि बेताच्या मिळकतीचा माणूस एवढी रक्कम वर्षानुवर्षे बाजूला टाकीत असतो. सायकलीचे इतर बहुतेक भाग मागाहून बदलता येतात. चाके बदलता येतात, बैठक बदलता येते, गिअर बदलता येतात. फ्रेम बदलणे म्हणजे मात्र सायकलच बदलणे होय. तेव्हा फ्रेममध्ये जी गोष्ट मुळात नाही, ती पुढे कितीही पैसे खर्च केले तरी मिळावयाची नाही. असे असता दुकानात गेल्यावर गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : हिचे वजन किती? माझे म्हणणे असे आहे की वजनाचा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न आपल्या शरीराच्या मापाचा, आणि दुसरा, टायरला फ्रेममध्ये जागा किती आहे याचा. हे असे का, ते आता क्रमाने पाहू.

प्रथम कार्बन म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. ही कोळशाची कांडी नव्हे आणि प्लॅस्टिकही नव्हे. एका कृत्रिम धाग्याला आधी हवेत दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत आणि नंतर प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांहून अधिक तापवितात. त्यातील इतर मूलद्रव्ये निघून जातात आणि जवळजवळ निव्वळ कार्बनचा तंतू उरतो. त्याची जाडी पाच ते सात मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी असते. अशा हजारो तंतूंचे पट्टे राळेत भिजवून, साच्यात एकावर एक बसवून, उष्णता व दाब देऊन घट्ट केले म्हणजे फ्रेमची नळी तयार होते. पोलादाची घनता ७.८, ॲल्युमिनियमची २.७ आणि या पदार्थाची साधारण १.६ असते. यावरून त्याच्या हलकेपणाची कल्पना यावी.

पण त्याचा खरा गुण निराळाच आहे. पोलाद सर्व दिशांना सारखेच बळकट असते. कार्बनचा तंतू केवळ आपल्या लांबीच्या दिशेने बळकट असतो. म्हणून कोणत्या जागी कोणत्या दिशेने किती पट्टे टाकावयाचे, हे कारागिराला ठरविता येते. पायडलवर जोर पडतो तेथे नळी ताठ ठेवावयाची आणि बैठकीखाली ती थोडी लवचीक ठेवावयाची, हे एकाच फ्रेममध्ये साधते. एका फ्रेममध्ये असे शेकडो तुकडे हातांनी मांडलेले असतात. दोन फ्रेमा दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांच्या आतली मांडणी अगदी भिन्न असू शकते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही, हे लक्षात ठेवावे.

या पदार्थाचा सायकलीतील इतिहास अर्धशतकाचा आहे. १९७० नंतरच्या दशकात कार्बनच्या नळ्या धातूच्या सांध्यांत चिकटवून फ्रेमा करण्यात आल्या. १९८६ साली अमेरिकेचा ग्रेग लेमाँड याने फ्रान्सची सुप्रसिद्ध शर्यत, तूर द फ्रान्स, कार्बनच्या फ्रेमवर जिंकली. कार्बनच्या फ्रेमवर ती जिंकली जाण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी सांध्यांवाचून एकसंध साच्यात घडविलेली कार्बनची फ्रेमही बाजारात आली. पुढे वजन घटविण्याची एवढी चढाओढ लागली की आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोग्रॅमपेक्षा कमी असू नये, असा नियमच केला. तो नियम आजही चालू आहे. ज्यांची उपजीविका शर्यतींवर आहे, त्यांनाही एका मर्यादेपलीकडे हलकेपणाचा उपयोग नाही. मग आपल्यासारख्यांनी त्यासाठी किती झुरावे?

या ठिकाणी थोडे गणित करून पाहू. समजा, स्वाराचे वजन ६८ किलो, सायकलीचे ८ किलो, आणि पाणी, पंप, हत्यारे मिळून २ किलो. एकूण ७८ किलो झाले. आता एक फ्रेम ८०० ग्रॅमची आणि दुसरी ११०० ग्रॅमची आहे. फरक ३०० ग्रॅमचा, म्हणजे एकूण भाराच्या चारशे भागांतील साधारण दीड भाग. खड्या घाटात वेळ जवळजवळ भाराच्या प्रमाणात वाढतो असे धरले, तर जो चढ चढावयास एक तास लागतो, त्यात या फरकाने सुमारे चौदा सेकंद वाचतील. सपाटीवर तर तेवढेही वाचणार नाहीत. आणि त्या ३०० ग्रॅमांसाठी कित्येकदा हजारो रुपये अधिक मोजावे लागतात. पाण्याची एक मोठी बाटली भरलेली आहे की रिकामी, यातच याच्या दुप्पट फरक पडतो. शर्यतीत चौदा सेकंदांनी हार-जीत ठरते, हे खरे. पण ज्याला सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन वर चढावयाचे आहे आणि चहा पिऊन परत यावयाचे आहे, त्याने चौदा सेकंदांसाठी किती किंमत द्यावी, हे त्याचे त्यानेच ठरवावे.

आता टायरकडे वळू. रबरी धावेत हवा भरण्याची कल्पना रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली मांडली होती. पण तेव्हा सायकलच नव्हती, आणि ती कल्पना विसरली गेली. १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने ती पुन्हा शोधली, तीही आपल्या मुलाच्या तीनचाकीला दगडी रस्त्यावर बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून. म्हणजे हवेच्या टायराचा जन्मच मुळी खराब रस्त्यामुळे झाला. हवा भरलेला टायर वेगही वाढवतो, हे मागाहून शर्यतींत दिसून आले.

आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलीचे उदाहरण घ्या. तिचे चाक अठ्ठावीस इंची आणि टायर दीड इंची, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर रुंद असे. वजन वीस किलोंच्या आसपास. तिच्यावर दूधवाला दुधाचे कॅन बांधी, पोस्टमन खेडोपाडी जाई, आणि मागे कॅरिअरवर माणूस बसे. ती सायकल जड होती, पण तिचा टायर रस्त्याला शोभणारा होता. पुढे जेव्हा शर्यतीच्या धर्तीच्या सायकली आल्या, तेव्हा हलकेपणाबरोबर २३ मिलिमीटरचा अरुंद टायरही आला, आणि तो ज्या रस्त्यांसाठी होता ते रस्ते मात्र त्याच्याबरोबर आले नाहीत. त्यामुळे आपल्याकडील पुष्कळांची अशी समजूत झाली की वेगाची सायकल म्हणजे अंगाला हादरे देणारीच असावयाची.

ही समजूत युरोपातही होती. १९९० नंतरच्या दशकात शर्यतीत २० ते २३ मिलिमीटरचे टायर दगडासारखे टणक फुगवून वापरीत. टणक टायर वेगवान, हे काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर खरे आहे. खऱ्या रस्त्यावर मात्र टायर खडीच्या प्रत्येक कणावरून उडतो, त्याबरोबर सायकल आणि स्वार दोघेही उचलले जातात, आणि पायांनी निर्माण केलेल्या शक्तीचा काही भाग स्वाराचे अंग हलविण्यात वाया जातो. उलट, थोडा मऊ टायर तो कण आपल्या पोटात घेतो आणि पुढे जातो. दुसरे असे, की दाब सारखाच ठेवला तर रुंद टायराचा रस्त्याला टेकलेला भाग आखूड व रुंद होतो, टायर कमी दबतो, आणि दबण्या-उठण्यात होणारे नुकसान घटते. या गोष्टी मोजमापाने पटल्यावर शर्यतीतले टायर आधी २५, मग २८, आणि आता पुष्कळ ठिकाणी ३० मिलिमीटरपर्यंत आले आहेत. १८९६ पासून चालत आलेली पॅरिस ते रूबे ही शर्यत दगडी फरशीच्या वाटांवरून जाते. तेथे तर स्वार याहूनही रुंद टायर घालतात.

रुंदीचा लाभ आकड्यांत सांगावयाचा तर असा. टायरमधील हवेचे प्रमाण साधारणपणे रुंदीच्या वर्गाप्रमाणे वाढते. २५ चा वर्ग ६२५, ३२ चा १०२४, आणि ३५ चा १२२५. म्हणजे २५ च्या ऐवजी ३२ मिलिमीटरचा टायर घातला की हवा दीडपटीहून अधिक होते, आणि ३५ चा घातला की जवळजवळ दुप्पट. सत्तर किलोच्या स्वाराला २५ च्या टायरमध्ये ८० ते ८५ पौंड दाब ठेवावा लागतो; ३२ मध्ये साधारण ५५ ते ६० पौंडांत काम भागते. या फरकाचा अर्थ ज्याने अरुंद टायरवर दिवसभर प्रवास केला आहे, त्याचे मनगट आणि त्याची कंबर त्याला सांगतील. शिवाय अरुंद टायर खड्ड्याच्या काठावर आपटला की ट्यूब काठ आणि रिम यांमध्ये चेंगरते आणि साप डसल्यासारखी दोन छिद्रे पडतात. हवा जास्त असली की हा प्रकार पुष्कळच टळतो. अंधारात, उतारावर, नकळत आलेल्या गतिरोधकावर तो टळणे म्हणजे पडणे टळणे होय.

रुंद टायराचेही तोटे आहेत, ते लपविण्याचे कारण नाही. तो थोडा जड असतो. ताशी चाळीस किलोमीटरांच्या पुढे वाऱ्याचा विरोध अधिक जाणवतो. ज्याला गुळगुळीत रस्त्यावर शर्यतच खेळावयाची आहे, त्याला २८ चा टायर पुरे. पण रुंद टायर बसणाऱ्या फ्रेममध्ये अरुंद टायर घालता येतो, आणि अरुंद फ्रेममध्ये रुंद टायर कधीच बसत नाही. माझ्या सगळ्या विवेचनाचे सार या एका गोष्टीत आहे.

मग सगळ्याच फ्रेमांत भरपूर जागा का ठेवीत नाहीत, असे कोणी विचारील. याचे एक कारण ब्रेकमध्ये होते. रिमला दोन्ही बाजूंनी पकडणारे ब्रेक टायराच्या डोक्यावरून कमानीसारखे जातात. त्या कमानीखाली मावेल तेवढाच टायर घालता येई. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्याशी असल्याने ही अडचण दूर झाली. आंतरराष्ट्रीय महासंघाने रस्त्यावरील शर्यतींत त्यांना २०१८ साली कायमची मान्यता दिली, आणि त्यानंतर हलक्या फ्रेमांतही टायरला मोकळी जागा मिळू लागली.

दुसरे कारण फ्रेमच्या रचनेत आहे. पायडलच्या दांड्यापासून मागील चाकाच्या आसाकडे दोन नळ्या जातात. पायडलच्या दांड्याजवळ फारच गर्दी असते. मध्ये टायर, त्याच्या दोन्ही बाजूंना या नळ्या, नळ्यांच्या बाहेर एका बाजूला दातेरी चक्रे, आणि दोन्ही बाजूंना फिरणारे पायडलचे दांडे. टायर रुंद करावा तर नळी बाहेर सरकली पाहिजे. ती बाहेर सरकली तर चक्राला घासते. यातून वाट काढण्यासाठी कारखानदार या नळ्या लांब करतात, किंवा चक्राच्या बाजूची नळी खाली वाकवून नेतात. शर्यतीच्या सायकलीत त्यांची लांबी साधारण ४१० मिलिमीटर असते. ऐसपैस सायकलीत ती ४१५ ते ४२५ पर्यंत जाते. त्यामुळे सायकल वळावयास किंचित संथ होते, पण सरळ रेषेत अधिक स्थिर धावते. लांबच्या प्रवासाला हा दोष मानता येणार नाही.

आता प्रत्यक्ष निवडीच्या वेळी काय पाहावे, ते सांगतो. कारखान्याच्या पत्रकात "कमाल टायर ३५" असे लिहिलेले असते. हा आकडा टायरवर छापलेल्या रुंदीचा की प्रत्यक्ष मोजलेल्या रुंदीचा, हे विचारून घ्यावे. कारण ३२ म्हणून विकलेला टायर आजकालच्या रुंद रिमवर चढविला की ३४ सुद्धा भरतो, आणि नवा टायर काही दिवसांत आणखी थोडा ताणतो. म्हणून चाक बसवून, हवा भरून, व्हर्नियरने मोजावे. पुढील चिमट्यात आणि मागील नळ्यांत जागा बहुधा सारखी नसते, दोन्हीकडे पाहावे. टायराच्या प्रत्येक बाजूला आणि डोक्यावर किमान ४ मिलिमीटर मोकळी जागा हवी. ती तपासण्याची सोपी युक्ती अशी : ४ मिलिमीटरची ॲलन की घ्यावी आणि टायर व नळी यांमधून फिरवावी. ती कोठेही न अडकता फिरली तर ठीक. आपल्या रस्त्यांसाठी मी ५ किंवा ६ मिलिमीटरचा आग्रह धरीन.

हा आग्रह उगीच नाही. पावसाळ्यात चिखल आणि बारीक खडी टायरला चिकटून वर येते. जागा अपुरी असली की तो खडा टायर आणि नळी यांमध्ये अडकतो, आणि फिरणारे चाक त्या खड्याने कार्बनची नळी कानशीने घासावी तशी घासत राहते. धातूच्या नळीवर असा ओरखडा पडला तर रंग जातो. कार्बनच्या नळीत भार वाहणारे तंतूच कापले जातात. आणखी एक प्रसंग असा की, लांबच्या प्रवासात चाकाची एखादी तार तुटते. चाक डगमगू लागते. फ्रेममध्ये जागा असेल तर तेवढ्या डगमगत्या चाकानिशी हळूहळू पुढच्या गावापर्यंत जाता येते. जागा नसेल तर टायर नळीला घासतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. घाटात, रात्री, एकटे असताना या दोहोंतील अंतर फार मोठे असते.

मडगार्डांचाही विचार करावा. कोकणात, बेळगावकडे किंवा गोव्याच्या वाटेवर चार महिने पावसाचे. शर्यतीच्या फ्रेमांना मडगार्ड बसविण्याची सोय बहुधा नसतेच. ज्या फ्रेममध्ये ती असते, तिच्यातही मडगार्डांमुळे टायराची जागा काही मिलिमीटरांनी घटते. म्हणून पावसात ३२ चा टायर आणि मडगार्ड दोन्ही हवे असतील, तर मुळात ३८ च्या आसपास जागा असलेली फ्रेम पाहावी. आजच्या बाजारात लांब पल्ल्यासाठी केलेल्या कार्बनच्या फ्रेमा अशा आहेत की ज्यांत ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर बसतो आणि ज्यांचे वजन किलोच्या आसपास, काहींचे तर त्याहूनही कमी असते. हलकेपणा आणि मोकळी जागा यांचे पूर्वीचे वैर आता उरलेले नाही. कारखान्यांची नावे मी येथे घेत नाही. या जागेवरून ते प्रशस्त नव्हे, आणि नमुने तर थोड्या थोड्या वर्षांनी बदलतच असतात.

मापाचा प्रश्न मी पहिला म्हटला होता, त्याकडे आता येतो. जुन्या सायकलीत बावीस किंवा चोवीस इंच एवढे पुरे होते. आता दोन आकडे महत्त्वाचे. पायडलच्या दांड्यापासून हँडलच्या नळीचे टोक किती उंच आहे, हा पहिला. आणि किती पुढे आहे, हा दुसरा. शर्यतीच्या फ्रेममध्ये हे टोक खाली आणि दूर असते, म्हणजे पाठ वाकवून वारा चुकविता येतो. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला, ज्याचा दिवस खुर्चीवर जातो, ती बैठक तास-दोन तास सोसते. मग मान भरून येते. जी फ्रेम शरीराला बसत नाही ती कितीही हलकी असली तरी पुढे भिंतीला टेकूनच राहते. म्हणून विकत घेण्यापूर्वी शक्य तर तासभर चालवून पाहावी, आणि आपले माप जाणकाराकडून करून घ्यावे.

आता थोड्या बारीकसारीक पण उपयोगाच्या गोष्टी. पायडलचा दांडा ज्या बेअरिंगांवर फिरतो, ती बेअरिंगे काही फ्रेमांत आट्यांनी बसवितात, काहींत नुसती दाबून. आट्यांची बसविलेली बेअरिंगे गावातल्या साध्या कारागिरालाही काढता-घालता येतात; दाबून बसविलेली बेअरिंगे पाणी-धुळीने पुष्कळदा कुरकुरू लागतात आणि त्यांना निराळी हत्यारे लागतात. आजकाल ब्रेकच्या नळ्या हँडलमधून थेट फ्रेमच्या पोटात नेण्याची पद्धत आहे. दिसावयास ती सुरेख असते. पण पावसाने हँडलचे बेअरिंग गंजले की ते बदलण्यासाठी पुष्कळदा ब्रेकच्या नळ्याही सोडाव्या लागतात, आणि अर्ध्या तासाचे काम अर्ध्या दिवसावर जाते. तसेच मागील गिअर ज्या लहानशा धातूच्या तुकड्याला टांगलेला असतो, तो तुकडा पडझडीत वाकावा अशीच योजना असते, म्हणजे फ्रेम वाचते. तो तुकडा सहज मिळणारा आहे ना, हे पाहावे, आणि एक जादा घेऊन ठेवावा. ज्याच्या गावाजवळ मोठे दुकान नाही, त्याने या तीन गोष्टी वजनाच्या आधी विचाराव्यात.

कार्बनविषयी एक भीती पुष्कळांच्या मनात असते, ती म्हणजे तो अचानक तुटतो ही. चांगल्या घडणीची फ्रेम नेहमीच्या भाराने तुटत नाही. तिला गंज चढत नाही आणि ती धातूसारखी थकतही नाही. मात्र तिचे सोसणे निराळ्या प्रकारचे आहे. पोलाद वाकून इशारा देते. कार्बनला बाजूने टोकदार मार बसला तर वरून फक्त रंगाचा टवका दिसतो आणि आत थर सुटलेले असू शकतात. म्हणून अपघातानंतर फ्रेम जाणकाराला दाखवावी. नाण्याने हलकेच ठोकून पाहिले तर सुटलेल्या जागी आवाज बोदा येतो. पण हा केवळ संशय घेण्याचा उपाय आहे, खात्री करून घेण्याचा नव्हे. बोल्ट आवळताना हाताच्या अंदाजावर विसंबू नये. बैठकीचा आणि हँडलचा जोर किती असावा हे भागावरच छापलेले असते, बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास. त्यासाठी जोर दाखविणारा पाना घ्यावा. फ्रेमच्या वेड्यावाकड्या पातळ नळीला शिकंजात धरू नये. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. कार्बन आणि ॲल्युमिनियम जेथे एकमेकांस लागतात, तेथे खारी हवा आणि घाम यांमुळे ॲल्युमिनियम झिजते आणि भाग जखडून बसतात. तेव्हा वर्षातून एकदा तरी बैठकीची नळी काढून, पुसून, योग्य लेप लावून पुन्हा बसवावी.

नामांकित कारखान्याचे नाव रंगवून अत्यंत स्वस्तात विकल्या जाणाऱ्या बनावट फ्रेमाही बाजारात असतात. आधी सांगितल्याप्रमाणे आतली मांडणी डोळ्यांना दिसत नाही, आणि ताशी पन्नास किलोमीटर वेगाने घाट उतरताना स्वाराचा जीव त्या मांडणीवरच अवलंबून असतो. ज्या फ्रेमचा क्रमांक, हमीपत्र आणि विक्रेता यांची खात्री पटत नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. जुनी सायकल घेतानाही हाच नियम लावावा.

आणि पैसा अपुरा असेल तर? तर माझे उत्तर स्पष्ट आहे. अरुंद जागेची, कशीबशी परवडणारी कार्बनची फ्रेम घेण्यापेक्षा ऐसपैस जागेची ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची फ्रेम घ्यावी, आणि उरलेले पैसे चांगल्या टायरांवर खर्च करावेत. अशा सायकलीवर चढात काही सेकंद जातील, पण दिवसाच्या शेवटी अंग ताजे राहील.

लांब अंतर सायकलीने कापण्याची हौस आपल्या लोकांत किती वाढली आहे, याची साक्ष पुष्कळ आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. आपल्या अनेक शहरांतून २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरांच्या ब्रेव्हे नावाच्या फेऱ्या निघतात. त्यांत कोणी पहिला नसतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत आणि सहाशे किलोमीटर चाळीस तासांत पुरे केले की झाले. अशा फेरीत ज्याची पाठ टिकते, ज्याचे पंक्चर कमी होतात आणि ज्याच्या हातांना मुंग्या येत नाहीत, तो वेळेत पोहोचतो. तेथे फ्रेमच्या शंभर ग्रॅमांची आठवण कोणाला होत नाही.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी आपला रस्ता आठवावा. इंदूरकराने सिमरोळचा घाट आठवावा, बेळगावकराने चोर्ल्याचा, बडोदेकराने पावागडची वाट, आणि पुणेकराने आपल्याच गल्लीतील खणलेला रस्ता. त्या रस्त्यावर कोणता टायर शोभेल हे प्रथम ठरवावे; बहुतेकांच्या बाबतीत हे उत्तर ३० ते ३५ मिलिमीटरांमध्ये येईल. मग तो टायर, त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर, आणि हवे असल्यास मडगार्ड, एवढे सामावून घेणाऱ्या फ्रेमांची यादी करावी. त्या यादीतून आपल्या शरीराला बसणाऱ्या तेवढ्या ठेवाव्यात. त्यांतून ज्यांची दुरुस्ती आपल्या गावात होऊ शकते त्या निवडाव्यात. आणि इतके झाल्यावर जर दोन फ्रेमा शिल्लक राहिल्या, तर त्यांतील हलकी असेल ती खुशाल घ्यावी.